नात्यातला उमेदवार

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी एक यक्ष आणि एक चेटकीण यांच्या प्रेमप्रकरणाची रीतसर सुनावणी झाली. साक्षी झाल्या, आरोप झाले, चहा बिनसाखरेचा झाला, आणि निकाल मात्र लागला नाही. ज्यांनी तो द्यायचा, ते गृहस्थ आता नाहीत. तेव्हा ही हकीकत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. बसा जरा सावरून.

त्या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणायचो. उजव्या हाताची दोन बोटं जोडायची, खांद्यावरून धूळ झटकावी तशी हलवायची आणि आवाज अजिबात न चढवता म्हणायचं, "गाडी बाजूला घ्या." बस्स. एवढ्यावर माणूस नापास.

काका नोकरीत असताना वाहन चालवण्याच्या परवान्यांची परीक्षा घेत. निम्म्या पुण्याने त्यांच्यासमोर इंग्रजी आठाचा आकडा काढला असेल, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली असेल. मीही त्यातलीच. वळताना माझा पाय जरासा जमिनीला टेकला. मी म्हटलं, "अहो, चुकून टेकला." काका म्हणाले, "अपघात मुद्दाम होत नसतात." आणि नजर पुढच्या उमेदवाराकडे. पास झालेल्यालाही ते काही वेगळं म्हणत नसत. त्याच्याकडे न बघता पुढच्याकडे बघायचे, यातच त्याने काय ते समजायचं.

निवृत्त झाल्यावर ते आमच्या सोसायटीत राहायला आले आणि परीक्षा घ्यायला कुणी नाही म्हणून कासावीस झाले. रिक्षावाल्याने हात न दाखवता वळण घेतलं की अर्ध्या रस्त्यात उतरायचे, पूर्ण भाडं द्यायचे आणि चालत घरी यायचे. हेल्मेट न घातलेला माणूस सिग्नलला भेटला की त्याच्या डोक्याकडे असं बघायचे, की त्याला आपण भलतंच काही विसरून घराबाहेर पडलोय असं वाटावं. आता पुण्यात हेल्मेटचा आग्रह धरणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. काकांना मित्र कमी होते.

ते कोणाच्याही गाडीवर मागे बसत नसत. "मागच्याच्या हातात ब्रेक नसतो," म्हणायचे, "तेव्हा पुढचा माझ्याकडून पास झालेला पाहिजे." आणि पास झालेल्यांपैकी कोणी त्यांना मागे बसवायला धजत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी केतकी वाघोलीला राहायची, तिथल्याच एका कंपनीत नोकरी करायची. दर रविवारी स्कूटर घेऊन बापाकडे यायची. दोघं कुठे निघाले की काका रस्त्याच्या कडेने चालायचे आणि केतकी त्यांच्या शेजारून, पाय टेकवत टेकवत, स्कूटर हळूहळू चालवायची. एखाद्या मंत्र्याला संरक्षण द्यावं तशी. कॉलनीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची.

मग आमच्या सोसायटीत वाचनमंडळ निघालं आणि काकांना पुन्हा मैदान मिळालं.

आमच्या मंडळाचे दोन नियम. पहिला काकांचा. पुस्तक आलं की त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, नावाची पानं टाचून टाकायची. कोणी लिहिलंय ते कोणालाही कळता कामा नये. "परीक्षेला आलेल्याचं आडनाव मी कधी विचारलं नाही," काका म्हणाले, "इथेही विचारायचं कारण नाही." पुण्यात नाव बघून माना डोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. कव्हरं घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं पिको-फॉलचं दुकान आणि हातात कात्री कायम. दुसरा नियम सुमनताईंचा. ज्याने पुस्तक वाचलं नसेल त्याने चहा करायचा आणि तोंड बंद ठेवायचं.

पुस्तकांवरचे काकांचे अभिप्राय आम्ही घरी जाऊन पुन्हा पुन्हा एकमेकांना ऐकवायचो. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीबद्दल म्हणाले, "रस्ता रिकामा आहे, मग एवढा हॉर्न कशाला?" एका नाजूक कवितासंग्रहाबद्दल, "गाडी सुंदर आहे. सुरू कधी करणार?" आणि मग दोन बोटं. गाडी बाजूला. क्वचित एखादं पुस्तक आवडलं, तर काका फक्त विचारायचे, "पुढचं कोणतं घ्यायचं?" त्या दिवशी आम्ही भेळ मागवायचो.

तर अशा या मंडळात केतकीने मला एक दिवस कोंडीत पकडलं.

दुकानात आली, पिशवीतून एकाच पुस्तकाच्या प्रती काढल्या, माझ्या मशीनवर ठेवल्या. "मावशी, यांना कव्हरं घाला. पुढच्या महिन्याचं पुस्तक म्हणून द्या."

मी उघडून बघितलं. मुखपृष्ठावर निळसर पंखांचा एक देखणा पुरुष आणि सापासारखे केस मोकळे सोडलेली एक बाई. लेखिकेचं नाव कधी न ऐकलेलं. "कुणाचं गं हे?"

"माझं," ती म्हणाली. "टोपणनावाने लिहिलंय. बाबांना माहीत नाही."

मी खुर्चीत बसले. आधीच बसलेली होते, पण पुन्हा बसले.

केतकीने सांगितलं ते असं. शाळेत असताना निबंधात तिचा पहिला नंबर आला, तेव्हा काकांनी निबंध वाचला आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे." कॉलेजात असताना आई गेली. त्यानंतर घरात बोलणं म्हणजे दूध आलं का आणि गॅस बंद केला का. तिने स्कूटरच्या परवान्याची परीक्षा दिली तेव्हा काका मैदानावर होते, पण तिची पाळी आली तशी कागद लावलेली पाटी सहकाऱ्याच्या हातात देऊन लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, पाठ करून. "माझा आठाचा आकडा त्यांनी बघितलासुद्धा नाही," ती म्हणाली. "पास झाले. पण त्यांच्याकडून नाही."

"मग आता काय पाहिजे तुला?"

"एकदा त्यांनी माझी परीक्षा घ्यायला पाहिजे. माझं नाव माहीत नसताना. दुसरा भाग अर्धा लिहून झालाय. गाडी बाजूला घ्या म्हणाले, तर मी तो सोडून देणार. मावशी, मी खरंच सोडणार."

मी तिला समजवायला तोंड उघडलं, पण तिने बापाचीच नजर लावली माझ्यावर. मी गुपचूप कात्री घेतली.

रविवार उजाडला. हॉलमध्ये आम्ही गोलात बसलो. काका खिडकीशी, पाठ ताठ, पुस्तक मांडीवर. केतकी त्यांना हॉलपर्यंत सोडायला आली होती आणि जाता जात नव्हती. सुमनताईंनी विचारलं, "तू वाचलंस का गं पुस्तक?"

केतकीचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. "नाही," ती म्हणाली.

"मग चहा कर."

अशा रीतीने, मंडळी, कादंबरीची लेखिका हॉलला लागून असलेल्या मोरीएवढ्या स्वयंपाकघरात गेली. दार उघडंच होतं. मी मुद्दाम अशी बसले, की मला एका डोळ्याने काका दिसावेत आणि दुसऱ्याने ती.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नदीच्या उतारावर एक यक्ष पहारा देतो. त्याला शाप आहे, की खोटं बोलता येणार नाही, आणि त्याचं खरं ऐकून आजवर सगळे त्याला सोडून गेलेत. म्हणून त्याने बोलणंच टाकलंय. पलीकडच्या काठावर गावाने हाकललेली एक चेटकीण राहते. ती त्याच्यासाठी रोज भाकरी आणते आणि रोज एकच विचारते, "मी आलेली तुला आवडते का?" तो गप्प. शेवटच्या पानावर तो एकदाचा तोंड उघडतो, आणि नदीवर धुकं येतं. संपलं.

सुरुवात मानसीने केली. ही आमच्या मंडळातली सर्वांत तरुण, आयटीतली. "इंग्रजीत असलं भरपूर येतं, काका. फे म्हणतात त्यांना, पऱ्यांच्या जातीतले. दिसायला एकदम हँडसम आणि खोटं बोलता येत नाही. मला तर जाम आवडलं. पण किती स्लो, यार. अर्धं पुस्तक संपलं तरी साधा हातसुद्धा धरत नाहीत."

"हात धरायला त्याने आधी वळून बघायला हवं," सुमनताई म्हणाल्या. त्या संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. हेल्मेटला शिरस्त्राण आणि मोबाइलला भ्रमणध्वनी म्हणणाऱ्या पुण्यातल्या बहुधा शेवटच्या. "यक्ष हा विलासी, रसिक असतो. हा तर निवृत्तिवेतनधारक वाटतो. आणि ती चेटकीण काय त्याच्या मागे मागे? स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? आश्चर्य मला एका गोष्टीचं वाटलं. अख्ख्या पुस्तकात दोन माणसं समोरासमोर बसून चार वाक्यं धड बोलत नाहीत. ही जी कोणी लेखिका आहे ना, तिच्या घरात कोणी कोणाशी बोलत नसावं."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. स्टीलचं होतं. बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग थांबलं.

काकांनी मान वळवली नाही.

गायकवाड साहेब घसा साफ करून बोलायला लागले. सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, शब्द मोजून वापरणारा. "मला हा शब्दच खुपतो," ते म्हणाले. "चेटकीण. माझ्या आजोळी एका बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर घालवलं होतं. मी लहान होतो. तिचं घर मी बघितलंय, दार नसलेलं. त्यामुळे चेटकिणीची प्रेमकथा म्हटल्यावर मी पुस्तक वाचायचंच नाही असं ठरवलं होतं."

"मग?" मी विचारलं.

"मग वाचलं. या लेखिकेने त्या बाईला घर दिलंय. चूल दिलीय, दार दिलंय. आणि कोणीतरी आपल्याशी बोलावं एवढी साधी इच्छा दिलीय. तिच्या स्वाभिमानाबद्दल सुमनताई म्हणतात ते असेल. पण रोज जाऊन तोच प्रश्न विचारायला जिगर लागते."

स्वयंपाकघराच्या दारात केतकी उभी होती. हातात ट्रे. ती आत येईना आणि मागे जाईना.

आणि मग मानसीने, देव तिचं भलं करो, डोकं तिरकं करून म्हटलं, "खरं सांगू का? तो यक्ष मला वाचताना सारखा काकांसारखाच दिसत होता. म्हणजे पंख सोडून."

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर अंत्यदर्शनाच्या रांगेतही हसलेली बाई. सुमनताईंनी पदर सारखा केला. गायकवाड साहेब छताकडे बघायला लागले. काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, घातला आणि उभे राहिले. अभिप्राय ते नेहमी उभ्यानेच द्यायचे.

"सुरुवातीला गिअर सापडत नाही," काका म्हणाले. "नदीचं वर्णन तीनदा आलंय. एकदा पुरे. घाट कुठे सुरू होतो ते कळत नाही. चेटकीण चिडते ते बरोबर आहे, पण वळायच्या आधी हात दाखवायला हवा होता, ती एकदम वळते. यक्षाचे पंख अनावश्यक आहेत. तो पहारा देतो, उडत नाही."

मी केतकीकडे बघायचं टाळलं.

"आणि शेवट," काका म्हणाले. "शेवटी लेखिका घाबरली. यक्षाला बोलायला लावायचं होतं. तिला उत्तराची भीती वाटली, म्हणून तिने धुकं आणलं."

त्यांनी दोन बोटं जोडली. हात खांद्यापर्यंत गेला. मी डोळे मिटले. कानही मिटता आले असते तर मिटले असते.

पण पुढचे शब्द काही येईनात. डोळे उघडले तेव्हा काकांचा हात तसाच खांद्याशी होता, आणि ते त्याच्याकडे असे बघत होते, की हा इथे कोणी ठेवला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"पण या पुस्तकाचा निकाल मला देता येणार नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे एक रीत होती. नात्यातला उमेदवार समोर आला की आपण परीक्षा घ्यायची नाही. पाटी दुसऱ्याकडे द्यायची आणि मैदानाबाहेर जायचं. बघायचंही नाही. बघितलं की डोळे पक्षपात करतात."

सुमनताई म्हणाल्या, "अहो, पण इथे नात्यातलं कोण?"

काका पुस्तकाकडे बघत बोलले. "ही चेटकीण भांड्यावरचं झाकण काढायच्या आधी त्याच्यावर नखाने दोनदा टिचकी मारते. आत कोणी झोपलंय, त्याला उठवावं तशी. तसं करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या घरात होती."

हळूहळू सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. मानसीच्या तोंडून "शिट" निघालं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

केतकीने ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "म्हणजे याही वेळी नाही," ती म्हणाली. "याही वेळी झाडाखाली जाऊन उभे राहणार तुम्ही. बाबा, मी पुढचं लिहू की नको, एवढं तरी सांगा."

बघा, ज्या प्रश्नाला यक्षाने अख्खं पुस्तक उत्तर दिलं नाही, तसलाच प्रश्न आता भर सभेत आमच्या काकांसमोर उभा होता. आणि धुकं आणायला इथे कोणी लेखिका मोकळी नव्हती.

काकांनी ट्रेमधला एक कप उचलला. घोट घेतला. "साखर नाहीये," ते म्हणाले.

"बाबा."

"खंबाटकीच्या घाटात मला एकदा धुकं लागलं होतं," काका म्हणाले. "तुझी आई मागे बसली होती. मी म्हटलं, थांबू या. ती म्हणाली, रस्ता आहे तिथेच आहे, दिवे लावा आणि हळू चला." त्यांनी कप खाली ठेवला. "धुकं आलं म्हणून गाडी सोडून घरी जायचं नसतं, केतकी."

मग ते बसले. माझ्यासमोर बसून त्यांनी तो बिनसाखरेचा चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. आम्हीही संपवला. साखर मागायची कुणाची छाती झाली नाही.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. दुसरा भाग त्यांच्या हयातीत पुरा झाला, पण छापून आला तो नंतर. मी त्याला रीतीप्रमाणे वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, जरी कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. त्यात पहिल्याच प्रकरणात यक्ष बोलतो. पंख गेलेत त्याचे. काय बोलतो ते तुम्ही विकत घेऊन वाचा. सुमनताईंना तो अजूनही निवृत्तिवेतनधारक वाटतो.

हल्ली आमच्या मंडळात कोणी दोन बोटं जोडत नाही. सगळी पुस्तकं पास होतात, सगळे एकमेकांना छान छान म्हणतात, आणि भेळ दर महिन्याला येते. तिची चव गेली आहे.

पण मला थांबायचंय ते त्या रविवारीच. सभा संपली, काका आणि केतकी भाजी आणायला खाली उतरले, आणि आम्ही सगळे, सुसंस्कृत माणसं असल्यामुळे, हॉलच्या गॅलरीत धावलो. खाली केतकीने स्कूटर काढली, सुरू केली आणि नेहमीप्रमाणे एक पाय जमिनीवर टेकवून बापाच्या शेजारून चालायच्या तयारीत राहिली. काका चालायला लागले नाहीत. ते स्कूटरभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मागचं चाक दाबून पाहिलं. आरसा थोडा वळवला. मग आपलं धोतर नव्हे, पँटच, पण धोतर सावरावं तशी सावरून एक पाय पलीकडे टाकला आणि लेकीच्या मागे बसले.

केतकी गोठली. मान वळवायचीसुद्धा तिला हिंमत होईना. काकांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात आम्हाला ते ऐकू आलं नाही, आणि केतकीने आजवर ते कोणाला सांगितलेलं नाही. एवढंच दिसलं, की तिने पाय वर घेतला, गेटपाशी व्यवस्थित हात दाखवला आणि वळली. मागे काका, पाठ ताठ, टक्कल उन्हात चमकतंय.

गायकवाड साहेबांनी चष्मा काढला होता. आणि तेवढ्यात सुमनताई, ज्यांनी उभ्या जन्मात एक इंग्रजी शब्द तोंडाला लागू दिला नव्हता, त्या गॅलरीच्या कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि अख्ख्या कर्वेनगरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अहो, हेल्मेट कुठंय तुमचं?"